चाकाला टांगलेली वीट

सासरे सुतार होते. दारं-खिडक्यांतून उरलेले तुकडे ते जाळून टाकायचे. सुनेने ते मागून घेतले आणि त्यांच्याच लेथवर पहिलं चाक उतरवलं. ते अंड्यासारखं झालं. सासरे म्हणाले, गाडी लंगडेल. तिने चाळीस चाकं वाया घालवली. एकेचाळिसावं गोल आलं.

त्या भागात तेव्हा खेळण्यांच्या धंद्यात एकही बाई नव्हती. घाऊक व्यापारी तिच्या खांद्यावरून मागे बघत विचारायचे, मालक कुठे आहेत? ती म्हणायची, बसा, बोलावते. मग आत जाऊन हात धुवायची आणि परत येऊन मालकाच्या खुर्चीत बसायची.

वीस वर्षांत शेडमध्ये अकरा माणसं झाली आणि दोरीने ओढायची, चार चाकांची लाकडी बदकं खेपेखेपेने बाहेर पडू लागली. सगळे तिला बाई म्हणू लागले. बाईंचा नियम एकच. प्रत्येक खेपेतलं एक बदक आडवं करून शिकंज्यात धरायचं आणि खालच्या चाकाला वीट टांगायची. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत वीट लोंबली पाहिजे. चाक निघालं तर अख्खी खेप परत. पोर आधी ओढतं, मग तोंडात घालतं, असं त्या सांगत. चाक घशात जात नाही. त्याला बदकात धरून ठेवणारी खुंटी जाते.

एकदा बाई तीन दिवस तापाने पडल्या. चौथ्या दिवशी आल्या तेव्हा तीनशे बदकं एका नव्या दुकानात रवाना झाली होती. वीट टांगली होती का, एवढंच त्यांनी विचारलं. सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले.

नमुन्याचं एक बदक उरलं होतं. बाईंनी ते शिकंज्यात लावलं. जेवणाचे डबे उघडायच्या आत वीट खाली. बाईंनी खुंटीवर अंगठा फिरवला. काचेसारखी गुळगुळीत.

पॉलिशवाल्या मावशी पुढे आल्या. त्यांच्या हातच्या लाकडात तोंड दिसायचं, म्हणून शेडमध्ये त्यांना आरसा म्हणत. खुंट्या हाताला खरखरीत लागल्या, म्हणून त्यांनी सगळ्याच्या सगळ्या, बाराशेवर, घासल्या होत्या. दोन दिवस, कुणी सांगितलं नसताना. आणि सरस धरतो तो खरखरीतपणालाच.

बाईंनी सरस आणि पॉलिश पेपर उचलला, मावशींना टेम्पोत बसवलं आणि निघाल्या.

दुकान दुसऱ्या दिवशी उघडणार होतं. खोकी तशीच होती. दोघींनी फरशीवर बसून मोजली. दोनशे नव्व्याण्णव. पुन्हा मोजली. तेवढीच. दुकानदार सहज म्हणाला, एक नातीला दिलंय सकाळी, वरच राहतो आम्ही.

तापातून उठलेल्या बाई दोन-दोन पायऱ्या चढल्या. नात जमिनीवर बसली होती. गाल फुगलेला, तोंड हलत होतं. बाईंनी बोट घालून गाल रिकामा केला. बिस्किटाचा लगदा निघाला. पोरीने भोकाड पसरलं. पलंगाखाली बदक होतं, चारही चाकांसकट. बाईंनी एक चाक ओढलं. दुधाचा दात पडावा तसं हातात आलं.

बाई तिथेच भिंतीला टेकल्या. मागोमाग आलेल्या मावशी पदराने डोळे पुसत होत्या. खालून दुकानदाराने विचारलं, काय झालं हो? बाई म्हणाल्या, "काही नाही झालं. पाणी द्या."

मग दोघी दुकानाच्या फरशीवर बसल्या. चाकं काढली, खुंट्या जाड पॉलिश पेपरवर खरवडल्या, सरस लावून पुन्हा ठोकल्या. मावशी स्वतःचंच काम बिघडवत होत्या आणि ते त्यांच्या जिवावर आलं होतं. शंभराव्या बदकाला त्या म्हणाल्या, "बाई, मी उद्यापासून येत नाही."

"यायचं. वीट उद्यापासून तुम्ही टांगायची."

"मी? माझ्यामुळे तर..."

"म्हणूनच. तुमच्याइतकं घाबरून दुसरं कोण बघणार आहे?"

पहाटे काम उरकलं. सरस सुकल्यावर मावशींनी नातीचं बदक आडवं धरलं आणि दुकानदाराकडे वीट मागितली.