मयताच्या गाडीत ओडेसामावशी

ओडेसामावशी कुणाच्या बापाला भीत नसे. भीती एकाच गोष्टीची, मयताच्या गाडीची. ती रस्त्यात दिसली की मावशी पाठ फिरवून उभी राही. त्या गाडीचा मालक ल्युशस पेटवे तरुणपणी तिच्यामागे होता म्हणतात. खरंखोटं देव जाणे, पण त्याचं नाव निघालं की मावशी उगाच हॅट सारखी करी.

बसमध्ये आम्ही काळ्यांनी भाडं पुढच्या दाराशी द्यायचं, उतरून मागच्या दाराने चढायचं आणि गोरा आला की जागा सोडायची. शेवटी अख्ख्या माँटगोमेरी शहरातल्या आमच्या लोकांनी बसवर बहिष्कार घातला. चर्चमधल्या सभेत सगळ्यांत मोठा आवाज मावशीचा, "रांगत जाईन, पण बसमध्ये पाय ठेवणार नाही!"

बोलून गेली खरी. फेब्रुवारीच्या थंडीत गुडघे सुजले. ज्यांच्याकडे मोटारी होत्या ते बाकीच्यांना पोचवत, पण मावशीला नेणारी मोटार नेमकी त्या सकाळी बंद पडली. गोऱ्या मालकिणीने आदल्याच दिवशी दम भरला होता, "पुन्हा उशीर केलास तर दुसरी बाई बघते."

मावशी कोपऱ्यावर उभी. रिकामी बस आली. ड्रायव्हरने दार उघडलं आणि वाट बघत बसला. मावशीने गुडघ्यांकडे पाहिलं, मग दाराकडे.

तेवढ्यात मागे काळी, लांबलचक गाडी येऊन थांबली.

"चल ओडेसा, सोडतो."

"मुडद्या, अजून जिवंत आहे मी!"

"म्हणून तर विचारतोय. एरवी मी कुणाला विचारत नाही."

"मागे... कुणी आहे?"

पडद्याआडून आवाज आला, "आम्ही चौघी आहोत गं! बस लवकर, इस्त्रीची कामं पडलीत!"

मावशीने डोळे गच्च मिटले, देवाचं नाव घेतलं आणि ल्युशसच्या शेजारी जाऊन बसली. बस तशीच रिकामी निघून गेली.

पुढच्या चौकात दुसरी बस समोरून आली. मयत दिसलं की बाजूला व्हायचं, ही आमच्याकडची रीत, गोऱ्याकाळ्या सगळ्यांची. गोऱ्या ड्रायव्हरने बस कडेला घेतली, खाली उतरला, टोपी काढली आणि मान झुकवून उभा राहिला.

मागे चौघी खुसुखुसु हसू लागल्या. मावशीने एक डोळा उघडला, मग दुसरा.

"ल्युशस, हळू घे जरा," ती म्हणाली. "आणि तुम्ही गं, रडा मेल्यांनो, रडा! नाहीतर टोपी घालेल तो!"