खिळ्यापुरती भिंत

आमच्या आईला घर नको होतं, खिळा ठोकायला एक भिंत हवी होती. तेवढ्यासाठी आम्हाला अख्खं घर बांधावं लागलं.

भिलाईचा पोलादाचा कारखाना उभा राहत होता त्या काळात बाबा वर्ध्याकडून इथे क्लार्क म्हणून आले आणि आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. ओल्या चुन्याचा वास, नळाला पाणी, डोक्यावर पंखा, सगळं होतं. फक्त भिंतीला खिळा ठोकायची मनाई होती. तशी नोटीस दारामागच्या भिंतीला चिकटवलेली असे आणि ती टाइप केली होती आमच्याच बाबांनी, कारण क्वार्टरं वाटणाऱ्या विभागातच त्यांची खुर्ची होती. शेजारीपाजारी बिनदिक्कत खिळे ठोकत. आमच्याकडे मात्र देवांची तसबीर ट्रंकेवर भिंतीला टेकून उभी, कॅलेंडर खिडकीच्या गजाला, आणि बाबांचे शर्ट दाराच्या कडीला. दार उघडलं की शर्ट खाली. चाळणी कुठे ठेवावी यावर तर घरात रोज नवा तोडगा निघे.

"एक खिळा तं ठोकून राहिली मी, तोफ नाही डागून राहिली," आई म्हणायची. "कोन येते पाहाले?"

"मीच येतो ना," बाबा म्हणायचे. "दर महिन्याले तपासणी माह्याकडेच आहे."

आणि खरंच, महिन्यातून एकदा बाबा आपल्याच घराच्या भिंती न्याहाळून आपल्याच रजिस्टरात 'ठीक' असं लिहीत. मला तेव्हाही त्यांचा राग यायचा. शेवटी आईने एकदा पोळपाट बाजूला सारून सांगितलं, "मंग मले माही भिंत बांधून द्या."

बाबांनी बोरसीला जागा घेतली. बोरसी तेव्हा शेजारच्या दुर्ग शहराच्या कडेचं गाव होतं. ही बातमी ऑफिसात फुटताच, ज्यांनी जन्मात कोंबडीचं खुराडं बांधलं नव्हतं असे सगळे सल्ला द्यायला पुढे सरसावले. केरळकडचे म्हणाले, छप्पर उतरतं हवं. पंजाबकडचे म्हणाले, छप्पर कशाला, गच्ची घ्या, उन्हाळ्यात झोपायला बरी. बंगाली साहेबांना घरामागे तळं नसेल तर घर बांधण्यात अर्थच दिसेना. बाबांनी प्रत्येकाचा सल्ला नंबर टाकून फायलीला लावला.

त्यांचा स्वतःचा जीव मात्र घराच्या पायात अडकला होता. कारखान्याच्या भट्टीखाली ओतलेलं काँक्रीट रोज बघून त्यांना पायाचं वेडच लागलं. खड्डा खोल होत गेला तसा मिस्त्रीचा धीर सुटत चालला. तो जवळच्याच गावचा, छत्तीसगढी माणूस. एक दिवस खड्ड्यातूनच त्याने विचारलं, "हाथी बांधहू का इहां, बाबूजी?"

हत्ती काही बांधला नाही, पण पैसे तेवढेच गेले. मग घरातली एकेक गोष्ट गळू लागली. आधी गच्ची गेली, मग पडवी, मग कोठीची खोली. सिमेंट परमिटवर मिळायचं. बाबांचा अर्ज अपुरा म्हणून परत आला तेव्हा ते चिडले नाहीत, उलट ऑफिसचं काम किती चोख आहे ते आम्हाला समजावून सांगत बसले. शेवटी वर कवेलू, म्हणजे मातीची साधी कौलं, चढले. खाली कारखान्याला शोभेल असा पाया आणि वर दीड खोलीचं घर. ज्याला त्याला बाबा पायाचंच वर्णन ऐकवत, कारण दाखवण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

आईने सबंध बांधकामात एकच मागणं केलं. भिंतीत जागोजागी लाकडाचे ठोकळे बसवायचे, म्हणजे खिळा सरळ जाईल आणि गिलावा फुटणार नाही. मिस्त्रीने मान डोलावली. "हव दाई, लगा देबो." आणि त्याने ते लावले, अगदी तिने बोटाने दाखवल्या जागी.

वास्तुशांतीच्या दिवशी आईने पाव शेर खिळे पिशवीत घालून नेले होते. ते तिने तसेच परत आणले. कारण जेवणं आटोपल्यावर बाबांनी मनातला विचार सांगितला. क्वार्टरचं भाडं नाममात्र, माझी शाळा जवळ, कारखान्याची सायकलवाट सरळ. मग बोरसीचं घर भाड्याने का देऊ नये? आईने खिळ्यांच्या पिशवीला गाठ मारली. मला वाटलं तिला पटलं. किती मूर्ख होते मी!

जवळच्या चरोद्याला रेल्वेत नोकरी करणारा एक नागपूरकडचा भाडेकरू मिळाला. बाबांनी करारनामा टाइप केला, अर्थात आमच्या दारामागच्या नोटिशीवरून. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, हे कलम त्यात होतंच.

काही महिन्यांनी एका रविवारी आम्ही तिघं बोरसीला गेलो. बाबांच्या भाषेत ती तपासणी होती. भाडेकरूच्या बायकोने दार उघडलं आणि बाबा उंबऱ्यातच थांबले. भिंतभर खिळे होते. शर्ट, चाळणी, कॅलेंडर, मुलाचं दप्तर, देवांच्या तसबिरी, सगळं ऐटीत लटकत होतं. बाबांनी खिशातून करारनामा काढला तशी ती बिचारी घाबरली.

"काढून टाकते काका, आत्ता काढते."

"एकबी काढू नको," आई म्हणाली. मग तिच्या जवळ जाऊन हळूच विचारलं, "सहज गेले का गं आत?"

"हो काकू. कुठं ठोकायचा ते काही ठाऊक नव्हतं, पण जिथं ठोकला तिथं लाकूडच लागलं."

आईने त्या भिंतीवरून हात फिरवला. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

क्वार्टरवर आल्यावर आईने चप्पलसुद्धा काढली नाही. पिशवीतला खिळा घेतला, वरवंटा उचलला आणि नोटिशीच्या अगदी शेजारी ठोकला. तळहाताएवढा गिलावा पडला. ट्रंकेवरचे देव तिने उचलून वर टांगले.

सोमवारी नियमाप्रमाणे त्यांनी ऑफिसात स्वतःच्या नावाने नोटीस काढली आणि संध्याकाळी स्वतःच घरी आणून दिली. उत्तरही त्यांनाच द्यायचं होतं. जेवणाच्या पाटावर बसून त्यांनी ते लिहिलं आणि आईला इंग्रजी येत नसल्यामुळे मराठीत वाचून दाखवलं: खिळा पत्नीने ठोकला आहे. काढण्यास ती तयार नाही. मी तिच्या बाजूने आहे.