कुत्र्याला काय खाऊ घातलं?

माझ्या निवृत्तीला सहा महिने उरले होते. दिवाळीनंतरच्या सोमवारी सकाळी मुकुटबनजवळच्या एका गावात पाळीव कुत्रा मेला. ते प्रकरण मी विसरलेलो नाही.

दहा वाजता मालक ठाण्यात आला. "शेजाऱ्यानंच इख घातलं, साहेब. कोंबडी धरली म्हणून मारतो म्हनलं होतं त्यानं."

त्याच शेजाऱ्याचा कागद माझ्या टेबलावर होता. पोलीस पाटील पदासाठी त्याची निवड झाली होती, चारित्र्य पडताळणी बाकी होती. गुन्हा नोंदवला तर पद जाणार होते. त्याच्या गोठ्यात कीटकनाशकाचा अर्धा डबा सापडला, तो जप्त केला. माझा संशय पक्का झाला.

शेजाऱ्याला ठाण्यात आणून मी विचारले, "धमकी दिली होतीस?"

"देली ना, चारचौघांत देली. मारनारा सांगून मारते काय, साहेब? अन् आता कायले मारू? पाटीलकी तोंडाशी आली असताना?"

तो अस्वस्थ वाटला नाही. सराईत माणसेही अशीच शांत बसतात, म्हणून मी त्याला बसवून ठेवले.

दुपारी शवविच्छेदन झाले. पशुवैद्यकीय डॉक्टर म्हणाले, "कीटकनाशक दिसत नाही. त्याने फेस, झटके येतात, काही तासांत जनावर जातं. याची मूत्रपिंडं निकामी झालीत. घरी विचारा, द्राक्षं किंवा मनुका दिल्या होत्या का? माणसाला चालतात, कुत्र्याला त्यांनी जीव जाऊ शकतो."

मी मालकाच्या घरी गेलो. कुत्रा दोन दिवस उलट्या करत होता, लघवी बंद होती, हे मालकाने तक्रारीत सांगितलेच नव्हते. मनुकांचे विचारताच त्याची बायको पुढे आली.

"मीच देल्या. मले रक्त कमी हाय म्हणून डॉक्टरनं भिजवलेल्या मनुका सांगतल्या. हा गोचिडतापानं वाळला होता, म्हणून त्यालेही रोज मूठभर देत होती. आवडीनं खाये."

मालक मला बाजूला घेऊन म्हणाला, "तक्रार मागं घेतो, साहेब. हिचं नाव कागदावर कायले?"

बायकोने ते ऐकले. "येऊ द्या नाव. त्या शेजारच्या भाऊचं नाव नाही काय नेलं तुम्ही ठाण्यात?"

तिने जबाब दिला, वाचून घेतला आणि सही केली. पुढे निवृत्तीपर्यंत जनावराच्या मृत्यूची तक्रार आली की मी पहिला प्रश्न घरच्यांनाच विचारत असे: काय खाऊ घातलं?

शेजाऱ्याला संध्याकाळी घरी सोडले. पडताळणीच्या कागदावर 'गुन्हा दाखल नाही' असा शेरा मारून तो दुसऱ्या दिवशी उपविभागीय कार्यालयाला पाठवला. महिनाभरात त्याच्या नेमणुकीचा आदेश निघाला.