काळ्या करकोच्याची नोंद

मी चिडका माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालो, आणि कागदावर कुणी खाडाखोड केली की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते. पक्ष्यांच्या वहीचंही तेच. थंडीत दर रविवारी आम्ही दोघं नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यावर जायचो, मी आणि देवळाली कॅम्पातला माझा मित्र. तो तोफखान्यातून निवृत्त झालेला, म्हणून सगळे त्याला सुभेदारच म्हणायचे. आमचा एक नियम होता. दोघांनी पाहिला तरच पक्षी वहीत. नोंद मी लिहायची आणि खाली दोघांनी सह्या करायच्या. एकट्याला दिसलेला पक्षी कितीही दुर्मिळ असला तरी तो चहाबरोबर गप्पांत गेला. नियम अर्थातच माझा. सुभेदार म्हणायचा, "तू पक्षी बघायला येतोस की पंचनामा करायला?" पण सही निमूट करायचा.

डोळे गेले ते हळूहळू. आधी पेपरातल्या ओळीच्या मधलं एखादं अक्षर नाहीसं व्हायला लागलं. मग पंचवटीत भाजी घेताना भाजीवालीचा चेहरा जाऊन नुसता पदर आणि टोपली उरायची. डॉक्टर म्हणाले, पडद्याचा मधला भाग झिजलाय, कडेचं दिसत राहील, मधलं परत येणार नाही. म्हणजे ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जाणार. शेकाट्यावर दुर्बीण लावली की शेकाट्या गायब, भोवतीचा चिखल मात्र जागेवर. पक्षी बघणाऱ्याची याहून वाईट थट्टा कुणी केली नसेल. सुभेदाराला मी "चष्म्याचा नंबर वाढलाय" एवढंच सांगितलं. पुढच्या रविवारी माझ्या मोटरसायकलची किल्ली मात्र त्याने माझ्या हातातून काढून घेतली आणि मला मागे बसवलं.

मागच्या थंडीत, पलीकडच्या काठावर, एका वाळक्या बाभळीपाशी मला काळा करकोचा दिसला. मी आयुष्यभर त्याची वाट बघत होतो. लाल चोच, लाल पाय, पांढरं पोट, मानेवरची हिरवट झाक, सगळं लख्ख. पीस न् पीस मोजून घ्यावं असं. मी सुभेदाराचा दंड धरला. "काळा करकोचा! त्या बाभळीपाशी!" त्याने बराच वेळ दुर्बीण लावली. मग म्हणाला, "आहे. काळा करकोचाच." मी तिथेच नोंद लिहिली, ओळी एकमेकींवर चढल्या असतील, मला दिसल्या नाहीत. त्याने सही केली. येताना मी त्याला आग्रह करून मिसळ खायला घातली, आणि नेहमी जास्तीची तर्री मागणारा तो त्या दिवशी एकदाही न मागता जेवला.

मार्चमधे एका सकाळी आमच्या ओट्यावर, भांड्यांच्या रॅकपुढे, तीन रोहित पक्षी उभे होते. हातभर उंचीचे. चोचीचं काळं टोकसुद्धा स्पष्ट. बायकोने दुधाचं पातेलं त्यांच्यातल्या एकाच्या अंगावरच ठेवलं आणि तो हलला नाही. मी काही बोललो नाही. म्हातारपणी वेड लागलं असं कोण कबूल करेल? पण ते रोज यायला लागले, मुक्यासारखे उभे राहायचे, आणि मला स्वयंपाकघरात पाणी प्यायला जायची भीती वाटायला लागली. आठेक दिवसांनी बायको म्हणाली, "अहो, तुम्ही ओट्याकडे असे काय बघता? काय झालंय?" तेव्हा मी तिला सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, हे वेड नाही, बऱ्याच जणांना होतं. डोळ्याकडून चित्र येईनासं झालं की मेंदू स्वतःच्या साठ्यातली चित्रं काढून मोकळी जागा भरतो. ती फार स्वच्छ दिसतात, आवाज मात्र करत नाहीत. डोळे झटकन डावीकडे-उजवीकडे फिरवायचे की जातात. बायकोच्या जिवात जीव आला. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "बरंय, निदान घाण तरी करत नाहीत." मी हसलो नाही. माझ्या मनात एकच वाक्य फिरत होतं: जे स्वच्छ दिसतं ते खोटं. त्या दिवशी मिसळ खाताना समोर बसलेल्या सुभेदाराचं नाक मला दिसत नव्हतं, आणि पलीकडच्या काठावरच्या पक्ष्याचं पीस न् पीस दिसलं?

दुसऱ्या दिवशी बस पकडून मी कॅम्पात गेलो. तो ओसरीवर होता. मी बसलोही नाही.

"करकोचा होता का?"

त्याने खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"खरं सांग."

"नव्हता," तो म्हणाला. "नुसती बाभूळ होती. अरे, किती वर्षं तू त्याची वाट बघितलीस. तुझा चेहरा असा फुलला होता, मला नाही म्हणवेना."

"आणखी किती ठिकाणी अशा सह्या केल्यास?"

"तू आधी बस," तो म्हणाला. मग मी नको ते बोललो. माझी वही नासवलीस, म्हणालो. माझी कीव करायचा अधिकार तुला कुणी दिला, पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकू नकोस, म्हणालो. त्याची बायको चहा घेऊन आली होती, तिला तसंच उभं ठेवून मी निघालो. नंतर त्याचे फोन यायचे. बायको फोन माझ्यापुढे धरायची आणि मी हाताने नको म्हणायचो.

श्रावणात तो झोपेतच गेला. लोक म्हणाले, शेवटचं तोंड बघून घ्या. मी वाकून बघितलं. हार दिसले, उशाशी ठेवलेली त्याची हिरवी टोपी दिसली. मधे चेहरा नव्हता. मी मान तिरकी करून, कडेने, सगळ्या बाजूंनी बघितलं. नव्हताच.

नंतर एकदा वही काढून मी बायकोला म्हणालो, ती नोंद खोड. तिने ती मोठ्याने वाचली, खालच्या दोन्ही सह्यांसकट. मग वही माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "भावजींची सही मी नाही खोडणार. तुम्हाला खोडायची तर खोडा." मला ओळ कुठे दिसत होती? मी वही मिटली. म्हणालो, "एक कबूल कर. मी काही आहे का विचारलं, तर असेल तेच सांगायचं. माझं मन राखायचं नाही." तिने कबूल केलं.

या थंडीत तीच म्हणाली, चला, घरात बसून नुसते धुसफुसता. गाडी करून गेलो. तिला पक्ष्यांतलं ओ की ठो कळत नाही. "ते काळं बघा, बुडी मारून भलतीकडेच वर आलं," ती म्हणायची, मी म्हणायचो पाणकावळा, ती लिहायची आणि आम्ही सह्या करायचो. पहिल्यांदाच आलेली ती मजेत होती. आणि मला पलीकडे, त्या वाळक्या बाभळीखाली, सुभेदार दिसला.

टोपी, कोपरावर रफू केलेला स्वेटर, गळ्यात दुर्बिणीचा पट्टा. आणि चेहरा. अख्खा चेहरा, दाढीच्या पांढऱ्या खुंटांसकट. माझ्याकडेच बघत होता, बोलत नव्हता. इतकं स्वच्छ म्हणजे काय, ते मला कळत होतं. तरी मी विचारलं.

"अगं, त्या बाभळीखाली कुणी आहे का?"

वहीचं पान फडफडत होतं, ते तिने हाताने दाबून धरलं असावं, कारण आवाज थांबला.

"कोण दिसतंय तुम्हाला?"

"तू सांग."

"कुणी नाही हो," ती म्हणाली, आणि तिने माझा हात घट्ट धरला. सुभेदाराला जे जमलं नव्हतं ते तिने केलं होतं, आणि तो बिचारा तेव्हा इतका वेळ दुर्बिणीला डोळा लावून का उभा होता, ते मला कळलं.

डोळे फिरवले की जातात, डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी फिरवले नाहीत. वाऱ्याने चुरचुरायला लागले, पाणी आलं, तरी मी समोरच बघत राहिलो.