शब्बीरभाईंचं नाक

पांढरकवड्यात शब्बीरभाईंचं घर विचारलं, की सांगणारा आधी खात्री करून घेतो, "नाकवाले शब्बीरभाई ना?" वास्तविक त्यांचं नाक चारचौघांसारखंच, आणि ते वर करून चालण्याची ऐपत त्यांना कधी लाभली नाही. पण नोकरीच नाकाची. सरकी थेटरात कुठे काही जळत तर नाही ना, याचा वास घेत बसायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या आधी त्यांचे वालिद हेच करायचे.

हे थेटर मुळात सरकीचं गोदाम. फार वर्षांपूर्वी मालक शेठजींना नाटकाचं वेड लागलं, त्यांनी पोती हलवली आणि तिथे सागवानी रंगमंच उभा केला. कापसाच्या धंद्यातल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. गंजीला लागलेली आग आधी दिसत नाही. ती आतल्या आत धुमसते, आणि दिसते तेव्हा विझवायला काही उरलेलं नसतं. म्हणून गोदामात एक माणूस निव्वळ वास घ्यायला ठेवलेला असायचा. गोदाम गेलं, पण माणूस राहिला. त्याच्यासाठी विंगेत एक लाकडी खुर्ची, शेजारी रेतीच्या बादल्या आणि ओली पोती. दुसऱ्या घंटेनंतर थेटरचा सेक्रेटरी येऊन विचारणार, "होऊ द्यायचं?" मग शब्बीरभाई पडद्यामागून एक चक्कर मारणार, नाक भरून वास घेणार आणि म्हणणार, "होऊ द्या." हे त्यांच्या तोंडून निघाल्याशिवाय तिसरी घंटा होत नसे. पुण्या-मुंबईचे नट आधी हसायचे. मग चहूकडचं वाळकं सागवान बघून गुपचूप त्यांच्या पाया पडायचे.

आता खरी गोष्ट सांगायची, तर त्या नाकाला तीन वर्षांपासून कशाचाच वास येत नव्हता.

एका हिवाळ्यात मोठा ताप आला आणि उतरताना वास घेऊन गेला. शब्बीरभाई आधी सर्दी समजले. मग एका दुपारी ते चुलीकडे पाठ करून पेचकसानं रेडिओचे स्क्रू काढत बसले होते, आणि त्यांची बायको खैरुनबी अंगणातून धावत आत आली.

"अजी, दाळ जळून कोळसा झाली! तुम्ही इथंच बसून राह्यले ना?"

"डोळा लागलता," शब्बीरभाई म्हणाले. खैरुनबीनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं, भांडं उचललं आणि राख घेऊन घासायला बसली.

वासाचं त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. दिवसच वाईट होते. कापसाचा भाव पडलेला, खेड्यांतून रोज कुणा तरी शेतकऱ्यानं जीव दिल्याची खबर, आणि ज्या जिनिंग मिलमध्ये शब्बीरभाई दिवसा फिटर होते तिथल्या मशिनी गंजत पडलेल्या. थेटरातली खुर्ची तेवढी उरली होती. नाक गेलेल्या माणसाला ती कोण ठेवू देणार? म्हणून ते चक्कर मारत राहिले, हवा ओढत राहिले आणि "होऊ द्या" म्हणत राहिले. एकदा बोललेलं खोटं पुढे सवयीचं होतं म्हणतात. शब्बीरभाईंचं झालं नाही. पडदा वर गेला, की समोरच्या अंधारात बसलेली पोरंबाळं, म्हाताऱ्या, गरोदर बाया, सगळ्यांचा जीव त्यांच्या छातीवर येऊन बसायचा. नाटक संपलं, की सबंध शेत एकट्यानं वखरल्यासारखे ते गळून जायचे.

त्यातल्या त्यात बरी गोष्ट म्हणजे, त्याच सुमाराला खैरुनबीला नाटकाची गोडी लागली. जन्मात कधी थेटराकडे न फिरकलेली बाई आता प्रत्येक खेळाला जेवणाचा डबा घेऊन मागच्या दारानं यायची आणि पोत्यांशेजारी स्टुलावर पदर सावरून बसायची. सगळं थेटर हसून लोटपोट झालं तरी हिच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. शब्बीरभाई म्हणायचे, असतो एकेकाचा स्वभाव. एकदा ऐन नाटकात ती म्हणाली, "वरच्या पंख्याचा आवाज कसातरीच येऊन राह्यला. पाहून या बरं." ते शिडी चढून गेले, तर पंखा ठीक होता, पण त्याच्या बाजूची जुनी वायर धुमसत होती. त्यांनी ओलं पोतं दाबलं. गावभर पुन्हा नाकाची वाहवा झाली. शब्बीरभाई मात्र मागच्या भिंतीला धरून उभे होते. बायकोला पंखा खटकला नसता तर?

अशात थेटरात नाटकं कमी आणि बैठका जास्त होऊ लागल्या. माणसं का मरून राहिली हे विचारायला लांबून साहेब लोक यायचे, गाद्यांवर बसायचे, पाण्याच्या बाटल्या टाकून जायचे. त्यांच्यातल्याच कुणीतरी वर मान करून ते वाळकं सागवान पाहिलं असावं. थेटरला हुकूम आला, की आगीची सूचना देणारी नवी यंत्रणा बसवा, नाहीतर कुलूप लावा. जुनी होती म्हणायला, पण तिच्या घंटेत कबुतरांनी संसार थाटला होता.

यवतमाळहून अब्रार नावाचा मेकॅनिक आला. त्यानं छताला जागोजागी धूर ओळखणारे पांढरे सेन्सर लावले, प्रवेशदाराशी पॅनल बसवलं, बाहेर भोंगा टांगला. धुराचा अंश जरी मिळाला तरी भोंगा वाजणार. गाव शब्बीरभाईंचं सांत्वन करायला लोटलं. "मशीन आली भाई, आता तुमच्या नाकाले कोण विचारते?" शब्बीरभाई तोंड पाडून ऐकून घ्यायचे आणि मनात अल्लाचा शुकर मानायचे. अब्रारची शिडी त्यांनी स्वतः धरली. प्रत्येक सेन्सर घट्ट बसला, की त्यांच्या छातीवरचं एकेक माणूस उतरत होतं.

पण आपल्याकडे नवं यंत्र आलं आणि त्याची पूजा झाली नाही, असं कधी होतं का? उद्घाटनाला थेटरचे सेक्रेटरी देवीलालजी हळद-कुंकू आणि नारळ घेऊन हजर. पॅनलला हार घातला, नारळ फोडला. शेठजींच्या काळापासून पडदा वर जाण्याआधी धुपाटणं सगळ्या थेटरात फिरायचं. देवीलालजींना वाटलं, आज मान नव्या देवाचा. ते टेबलावर चढले आणि मोठ्या भक्तिभावानं त्यांनी धुपाटणं थेट सेन्सरखाली धरलं.

भोंगा असा काही बोंबलला, की प्रमुख पाहुणे चपला टाकून पळाले. गर्दी दारात अडकली, एका म्हातारीचा हात मुरगळला. खुद्द देवीलालजी धुपाटण्यासकट टेबलावरून खाली आले.

"धूप बाहेर आंगनात ठेवा ना जी," अब्रार म्हणाला. "मंग मशीन चूप राह्यते."

"मशीनसाठी देवाले बाहेर काढू का मी?" देवीलालजी कंबर चोळत कडाडले. त्यांनी पॅनलची चावी फिरवून खिशात टाकली. "कार्यक्रमात बंदच ठेवू. साहेब आले का चालू करू. आपले शब्बीरभाई आहेत ना! त्याहीच्या नाकापुढं मशीन काय चीज आहे?"

सगळ्यांनी माना डोलावल्या.  शब्बीरभाईंच्या छातीवरून उतरलेली सगळी माणसं पुन्हा येऊन बसली.

पुढच्याच आठवड्यात मुलींच्या शाळेचं संमेलन होतं, भर दुपारचं. थेटर खच्चून भरलं. विंगेत लहान लहान मुली कागदाचे मुकुट आणि कापसाच्या दाढ्या लावून कुजबुजत होत्या. खैरुनबी डबा घेऊन आपल्या स्टुलावर बसली होती. धुपाटणं फिरून गेलं. दुसरी घंटा झाली. देवीलालजी हसत विंगेत आले.

"हं शब्बीरभाई, होऊ द्यायचं?"

शब्बीरभाई खुर्चीवरून उठले नाहीत. त्यांची नजर एका मुलीच्या दाढीवर होती. पिंजलेला, कोरडा कापूस.

"नाही," ते म्हणाले.

देवीलालजींचं हसू मावळलं. "काहून? जळून राह्यलं का काही?"

"मले मालूम नाही."

"मालूम नाही म्हणजे? वास येते का नाही?"

"नाही येत. कशाचाच नाही येत. तापात नाक गेलं माह्यं, तीन साल झाले. मी झूट बोलत होतो देवीलालजी." त्यांचा आवाज अगदी सपाट होता, भांडायला, रडायला काही शिल्लक नसल्यासारखा. "चावी लावा. नाही तं या पोरी घरी पाठवा. मी होऊ द्या म्हननार नाही."

 देवीलालजींच्या चेहऱ्यावर संताप होता, पण त्याहून जास्त भीती होती. तीन वर्षांतले सगळे खेळ बहुधा त्यांच्या डोळ्यांपुढून गेले असावेत. मग त्यांनी धुपाटणं स्वतःच्या हातानं मागच्या अंगणात नेऊन ठेवलं, दारं-खिडक्या उघडून धूर जाऊ दिला आणि चावी फिरवली. पॅनलवर हिरवा दिवा लागला. तिसरी घंटा त्या दिवशी कुणाला न विचारता झाली.

"उद्या या," संमेलन संपल्यावर ते एवढंच म्हणाले. उद्या काय होणार, हे शब्बीरभाईंना सांगायची गरज नव्हती.

उन्हं उतरताना नवरा-बायको घरी निघाले. बंद जिनिंगच्या भिंतीशी शब्बीरभाई थांबले.

"तुलेबी सांगितलं नाही मी," ते म्हणाले. "दाळ जळली तवा डोळा नव्हता लागला."

"हातात पेचकस धरून कोणी झोपते का?" खैरुनबी म्हणाली.

शब्बीरभाई तिच्याकडे वळले. "म्हणजे तुले मालूम होतं? अन् तो पंखा?"

"पंखा चांगलाच होता. वायर जळाचा वास आला मले. तुमची लोकाईत इज्जत जाऊ नये म्हून पंख्याचं नाव घेतलं."

"मंग तू नाटकाले..."

"मले कायचं समजते जी नाटकातलं? मी वास घ्याले येत होती." तिनं डबा या हातातून त्या हातात घेतला. "एक बी नाटक धड पाह्यलं नाही. सारा जीव नाकात. चला आता, लय थकली मी."

शब्बीरभाईंनी तिच्या हातातून डबा घेतला. तो अजून भरलेलाच होता.