काढलेलं वाक्य

अमरावतीत राजापेठेत माझं टायपिंगचं दुकान आहे. जुना कॉम्प्युटर मरायला टेकला तेव्हा अकोल्याहून एक सेकंड-हँड मशीन आणलं. विकणाऱ्यानं त्यात लिनक्स टाकून दिलं होतं. "व्हायरस नाई, झंझट नाई, ताई," म्हणाला. पण माझा जुना वर्ड प्रोसेसर त्यावर चालेना, म्हणून दुसरे प्रोग्राम लावून पाहिले. पहिल्या पर्यायानं स्टॅम्पपेपरसाठी सोडलेली वरची जागाच खाल्ली. दुसऱ्यात जोडाक्षरं सुटी पडली. तिसरा बरा वाटला. पारखायला सगळ्यांत ताजी फाइल उघडली.

ती दर्यापूरच्या एका मावशीच्या मृत्युपत्राची होती. मागच्या आठवड्यात मावशी राजापेठेतल्या लेकीकडे आली होती, तेव्हा एकटीच दुकानात आली. "थोरला पोरगा हात उचलते माह्यावर. त्याले घर देऊ नको. लिही तसंच." मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी परत हजर.

"काढ वं ते. मले त्याच्यापाशीच रायचं हाय."

मी ते वाक्य काढलं, घर दोघा भावांत सारखं केलं, तिला स्क्रीन दाखवला. "काढलं, मावशी."

नव्या प्रोग्राममध्ये ते वाक्य जागेवरच होतं. लाल अक्षरांत, मधून रेघ मारलेलं, बाजूला तारीख आणि वेळ.

फार वर्षांपूर्वी एका वकिलांना केलेल्या दुरुस्त्या दिसायला हव्या होत्या. दुरुस्त्यांची नोंद ठेवायचं बटण मी तेव्हा चालू केलं आणि लाल रेघा डोळ्यांना नकोत म्हणून त्या फक्त लपवल्या. कोरी फाइल आम्ही टायपिंगवाले घेतच नाही. जुनी उघडायची, नावं बदलायची, नव्या नावानं सेव्ह करायची. तसं ते बटण फाइलीमागून फाइलीत चालत आलं. मावशीच्या मृत्युपत्राखाली आधीच्या तीन गिऱ्हाइकांची नावं आणि गट नंबर लाल होऊन पडले होते.

आणि हीच फाइल सकाळी मी थोरल्याला व्हॉट्सॲपवर पाठवली होती. मावशी गावी परतली होती, त्याचा नंबर तिनंच दिला होता; प्रिंट तो दर्यापुरात काढणार होता.

फोन लावला. "भाऊ, ते फाइल चुकीची गेली. खोलू नका, दुसरी पाठवून राहिली मी."

"खोलली ना, ताई." आवाज अगदी शांत होता. "लाल लाल हाय काहीतरी. वाचूनच राहिलो."

"मावशीले फोन द्या."

"आत हाय ते." फोन बंद झाला. परत लावला, उचलला नाही.

दुकानाचं शटर ओढलं, मावशीच्या लेकीला तिच्या घरून सोबत घेतलं आणि दोघी दर्यापूरच्या जीपमध्ये बसलो. वाटेत ती तीनदा म्हणाली, "काहून पाठवली तुमी?"

थोरला ओसरीवर बसला होता, मोबाइल मांडीवर. आमच्याकडे पाहिलंही नाही त्यानं. मावशी आत चुलीपाशी होती. डाव्या डोळ्याखाली सूज. लेकीनं दोन लुगडी पिशवीत कोंबली आणि तिचा हात धरून बाहेर आणलं. थोरला म्हणाला, "जाय. परत येऊ नको."

परतीच्या जीपमध्ये मावशी पिशवी मांडीवर घेऊन बसली. मग माझ्याकडे वळली.

"तू तं म्हणली होती, काढलं."