रव्याच्या डब्यातली गोळी

डॅलसजवळच्या आमच्या छोट्या शहराच्या कौन्सिलवर माझी मुलगी निवडून आली तेव्हा मी सगळ्या बिल्डिंगला पेढे वाटले. तिने बजावलं होतं की लोकांची कामं माझ्याकडे आणायची नाहीत. मी हो म्हटलं. पण पार्किंगमधला दिवा गेला, कचऱ्याची गाडी आली नाही, की 'काकू, जरा ताईंच्या कानावर घाला ना' सुरू व्हायचं. हळूहळू तिचा नंबरच सगळ्यांकडे गेला. आता आपल्यातलं कुणी तिथे बसलंय म्हटल्यावर माणसं दुसरीकडे कशाला जातील?

एका संध्याकाळी मी भाजीला फोडणी देत होते. बाहेर फाड फाड आवाज झाले आणि पाठोपाठ खालच्या मजल्यावरची माझी मैत्रीण अनवाणी धावत वर आली. तिच्या स्वयंपाकघराची काच फोडून गोळी आत शिरली होती आणि ओट्यावरच्या रव्याच्या डब्यात जाऊन बसली होती. भांडण पार्किंगमधल्या टोळक्याचं, भोक हिच्या डब्याला. पोलिसांनी तो डबा पुरावा म्हणून नेला आणि अजून परत दिलेला नाही, हे मी इथे मुद्दाम सांगते.

मैत्रीण एकटी राहायची. तिचा मुलगा लगेच आला आणि तिला दूर दुसऱ्या राज्यात, अ‍ॅशबर्नला, आपल्या घरी घेऊन गेला. भाड्याचं घर तिने सोडलं नाही, पण परत यायचं नावही काढेना. रोज सकाळी आम्ही दोघी तळ्याला फेरी मारायचो. तिच्याशिवाय मला करमत नव्हतं. ती परत यावी एवढंच मला हवं होतं.

तेवढ्यात कौन्सिलपुढे प्रस्ताव आला. खांबांवर मायक्रोफोन बसवायचे, कुठे गोळी झाडली गेली की ते आवाज ओळखणार आणि ठिकाण आपोआप पोलिसांना कळणार. मैत्रीण फोनवर म्हणाली, हे बसलं तर मी येते. मग काय, मी पदर खोचला. कौन्सिलमध्ये मतं अर्धीअर्धी होती, सगळं माझ्या मुलीच्या मतावर अडलं होतं. तिला जेवायला बोलावून विषय काढला, तर ताटातून मान वर न करता म्हणाली, "आई, आय कान्ट डिस्कस इट." बरं. घरी चालत नसेल तर तिथे येऊन बोलते, असं मी ठरवलं.

सभेत लोकांना बोलायला तीन मिनिटं मिळतात. चांगली साडी नेसून मी माईकपुढे उभी राहिले. तिथल्या रीतीप्रमाणे पोटच्या पोरीला 'कौन्सिल मेंबर' म्हटलं, आणि काच, डबा, निघून गेलेली मैत्रीण, सगळं माझ्या इंग्रजीत सांगितलं. टाळ्या पडल्या. मला वाटलं, जिंकले.

मग मुलीने माईक जवळ ओढला आणि अगदी परक्या आवाजात विचारलं, "मॅडम, आवाज ऐकल्यावर तुम्ही फोन कुणाला केलात?"

"तुला," मी म्हटलं. "आणखी कुणाला करणार?"

सभागृह हसलं. ती हसली नाही. तिने पोलीसप्रमुखांना विचारलं, त्या बिल्डिंगबद्दल नाइन-वन-वनला, म्हणजे पोलिसांच्या तातडीच्या नंबरला, किती फोन आले होते? एकच. तो मीच केला होता, ती म्हणाली, शहराच्या दुसऱ्या टोकावरून, आणि तोही धड लागेना, कारण सगळी बिल्डिंग मलाच फोन करत होती. कुठला दरवाजा, कुणाला लागलं, हे मला सांगता आलं नाही आणि पोलीस आधी भलत्याच फाटकाशी गेले. मशीनला आवाज कळेल, पण ओट्याशी कोण उभं आहे ते कळणार नाही. ते माणसांनीच सांगायला हवं, आणि आपली माणसं तो नंबर फिरवायला घाबरतात. फोन केल्यावर नुसतं 'मराठी' म्हटलं तरी दुभाषा मिळतो, हेसुद्धा त्यांना कुणी सांगितलेलं नाही. तिने विरोधात मत दिलं. प्रस्ताव पडला.

माझा संताप संताप झाला. मशीन यायला हवं होतं असं मला आजही वाटतं. पण खरं सांगायचं तर त्या संतापात अभिमानही होता. समोर आई उभी असताना नाही म्हणायला छाती लागते, आणि ती तिने कुणाकडून घेतली हे मला कुणी सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला फोन केला. माझ्याच मुलीने पाडलं, म्हटलं. मग मीच विचारलं, त्या दिवशी तू माझ्याकडे का धावलीस, पोलिसांना फोन का नाही केलास?

"तिकडचा माणूस भराभर काहीतरी विचारतो," ती म्हणाली. "मला नाही गं सुधरत. हे होते तोवर बाहेरचं सगळं हेच बोलायचे."

इतकी वर्षं बरोबर फिरलो, पण हे तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं. मला भरून आलं, पण मी आवाज चढवूनच म्हटलं, यात काही अवघड नाही. ते आधी पत्ता विचारतात, मग काय झालं ते. अडलीस तर 'मराठी' म्हणायचं. चल, मी पोलीस, तू सांग. व्हॉट इज युअर अ‍ॅड्रेस?

ती खाकरली. एकेक आकडा सुटा करत, इंग्रजीत, तिने पूर्ण पत्ता म्हटला. अ‍ॅशबर्नचा नव्हे, माझ्या खालच्या मजल्यावरच्या तिच्या घराचा.